उघडी पाकिटं

त्या खोलीत बसलं की माणूस पायांपासून सुरू व्हायचा.

जागा मुळात बुटांच्या दुकानाची. दुकान बंद पडलं, मालकाने जागा अशीच वापरायला दिली, आणि नर्सकाकूंनी तिथे डायपर गोळा करायला सुरुवात केली. ज्या घरांत बाळ आहे पण डायपर परवडत नाहीत, अशा घरांसाठी. काकू नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी फळ्या ठेवल्या, बुटकी स्टुलं ठेवली, आणि गिऱ्हाइकाला पायातला नवा जोड न्याहाळता यावा म्हणून भिंतीच्या तळाशी तिरपे लावलेले आरसेही ठेवले. त्यामुळे काकूंच्या मदतीला आतल्या टेबलाशी बसून डायपर निवडणाऱ्या तिला, येणारं प्रत्येक माणूस आधी आरशात दिसायचं. तेही घोट्यापर्यंतच.

त्या दुपारी दिसले ते जाडजूड, ओले, तेलाचे डाग पडलेले बूट. दारापाशी आले. थांबले. मागे वळले… पुन्हा पुढे आले.

तिला हसू आलं. मान वर न करताच ती म्हणाली, "या ना आत. इथे आता बूट मिळत नाहीत, तेव्हा चावायचीही भीती नाही."

बूट आत आले. तिने वर पाहिलं. उंच माणूस, पावसाने कपाळाला चिकटलेले केस, आणि अर्धं रिकामं डायपरचं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी असं धरलेलं, की आत बाळच असावं.

"ते… उघडं पाकीट चालतं का? बाहेरच्या काकू म्हणाल्या, उघडं असेल तर आत."

"उघडंच तर माझ्याकडे येतं."

तशी तिथली रीतच होती. बंद पाकिटं काकू बाहेरच्या काउंटरवर घ्यायच्या आणि थेट फळीवर चढवायच्या. उघडी आत, तिच्या टेबलावर. ती एकेक डायपर बाहेर काढायची, हाताने चाचपायची, ओल लागलेला असेल तर बाजूला टाकायची, आणि उरलेल्यांचे मापाप्रमाणे गठ्ठे बांधायची.

"कुणाचे हे?"

"भाच्याचे. महिन्याभरात असा फुगला ना, की पोटावर पट्टीच पुरेना."

"फुगला काय म्हणता! बाळसं धरलं म्हणा."

"बाळसं धरलं," तो शाळेतल्या मुलासारखा म्हणाला.

ती चाचपत होती. तो पाहत होता. त्याने मदतीला म्हणून हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं होतं. "लिफ्ट दुरुस्त करतो मी," तो ओशाळून म्हणाला. "कितीही धुतले तरी हे जात नाही."

"जातं. साखर आणि भांड्यांचा साबण एकत्र करून चोळा. मी सकाळी लाँड्रीत असते, डागांशीच माझं भांडण असतं."

तो हसला. हसताना त्याच्या एका डोळ्याशी सुरकुती आधी पडायची, दुसऱ्याशी मागून. असं काही आपल्या लक्षात यावं याचाच तिला राग आला, आणि ती पुन्हा डायपरांत डोकं घालून बसली.

"येतो मग…" तो अडखळला. सगळे तिला ताई म्हणत. मुलं घेऊन येणाऱ्या आया म्हणत, त्यांचे नवरे म्हणत, पत्ता विचारायला डोकावणारे म्हातारेसुद्धा म्हणत. त्यानेही नुकतंच काकूंच्या तोंडून "आत ताई बसलीय" असं ऐकलेलं. त्याने तोंड उघडलं… मिटलं… आणि म्हणाला, "येतो हं, अहो."

बाहेर काउंटरवर काकूंना एकदम खोकला आला.

पुढच्या आठवड्यात आरशात तेच बूट आले. या वेळी दाराशी थांबले नाहीत.

"अहो, ऐकलंत का? भाचा पुन्हा वाढला."

"काय खायला घालतात त्याला?"

"आत्याबाई पाठवते काहीबाही."

"कुठली आत्याबाई? तुम्ही मामा ना?"

"म्हणजे… त्याच्या वडिलांची बहीण. आहे एक."

त्याचे हात चक्क स्वच्छ होते. ते त्याने टेबलावर असे पसरून ठेवले होते, की तिला दिसल्याशिवाय राहू नये. ती डायपर चाचपत राहिली. मग जाता जाता त्यानेच विचारलं, "साखर किती घ्यायची असते? मी डबाच संपवला."

तो यायचा आणि टेबलापलीकडच्या बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसायचा. लिफ्टच्या गोष्टी सांगायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांशी दाराआडून गप्पा मारत राहावं लागतं, नाहीतर ते घाबरतात. एका बाईंनी तर अडकल्या अडकल्या त्याला आपल्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकवली होती, आणि लिफ्ट सुरू झाल्यावर म्हणाल्या होत्या, "इतक्यात झाली?" ती हसायची. बोलता बोलता तीही सांगायची, आज मोठी मापं एकही नाहीत. लोक लहान मापंच देतात, कारण बाळं त्यातूनच भराभर बाहेर पडतात. चालणाऱ्या मुलाची आई आली की तिला रिकाम्या फळीकडे बोट दाखवावं लागतं.

आणि पुढच्या खेपेला त्याच्या पाकिटात नेमकं मोठं माप असायचं.

"ऐकलंत का… चालायला लागला भाचा."

हे सगळं काकू ऐकत होत्या. एकदा आतच आल्या, कमरेवर हात ठेवून. "काय गं, सगळं गाव तुला ताई म्हणतं. हा एकटाच 'अहो' आणि 'ऐकलंत का' करतो. मी आपली कान टवकारू, का म्हातारी झाले म्हणून सोडून देऊ?"

"काकू, तुम्ही पण ना!"

"मी पण काय? लाल तू झालीयेस."

ती लाल झाली होती खरी. पण घरी जाताना तोच लाल रंग छातीत कुठेतरी टोचत राहिला. कारण तिच्या घरात चिमणी होती. चिमणी म्हणजे तिची मुलगी. नुकती बोलायला लागलेली, अनोळखी माणूस दिसला की आईच्या ओढणीत तोंड लपवणारी. चिमणी रांगायला लागायच्या आधीच तिचे वडील निघून गेले होते. जाताना भांडले नाहीत, ओरडले नाहीत. ते कधी ओरडायचेच नाहीत. त्यांचं सगळं बोलणं गोड. "पगार उशिरा होतोय गं, काळजी करू नकोस." "पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जातो ना दोघींना." तिने प्रत्येक वाक्यावर विश्वास ठेवला, आणि प्रत्येक वाक्य आतून पोकळ निघालं. मग रीतसर काडीमोडही झाला. तेव्हापासून तिने मनाशी एकच गाठ मारली होती: आपलं काय व्हायचं ते होवो, पण उद्या जाणाऱ्या माणसाची चिमणीला सवय लावायची नाही.

म्हणून लिफ्टवाल्याला तिने चिमणीबद्दल फक्त "मला मुलगी आहे" एवढंच सांगितलं होतं. तो लगेच "अरे वा, किती गोड असेल!" म्हणाला नव्हता. "हो का…" म्हणून गप्प बसला होता. ते तिला आवडलं होतं. आणि आवडलं म्हणूनच रात्री कूस बदलायला लावत होतं.

मग तो दिवस आला. आदल्या खेपेला ती सहज म्हणाली होती, की दवाखान्यातून अपुऱ्या दिवसांची जुळी घरी आलीत, अगदी तळहाताएवढी, आणि आपल्याकडे नवजात बाळाचं माप औषधालाही नाही. आज त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. तिने एक डायपर काढला. तिच्या पंज्याएवढा.

ती डायपरकडे पाहत राहिली. मग त्याच्याकडे.

"गेल्या वेळी चालायला लागला होता ना हो तुमचा भाचा?"

"हो… म्हणजे…"

"आज परत जन्मला वाटतं?"

तो उघड्या तोंडाने बसून राहिला. मग कान लाल झाले. मग दोघंही हसत सुटली. ती तर इतकी हसली, की काकूंनी बाहेरून विचारलं, "काय झालं गं? कुणी पडलं का?"

"खरं सांगू?" तो डोळे पुसत म्हणाला. "पहिलं पाकीट भाच्याचंच. ते दिल्यावर आठ दिवसांत बहीण-मेहुणे बदली होऊन गेले. पुढची सगळी मी विकत आणली. तुम्ही म्हणाल ते माप."

"पण मग उघडून कशाला आणायची? बंद पाकीट आम्हाला किती बरं पडतं…"

"बंद पाकीट काकू बाहेरच ठेवून घेतात," तो खाली पाहत म्हणाला. "आत यायला मिळत नाही."

बाहेर पन्हाळीतून पाणी टपटपत होतं. तिच्या हातातला तो इवला डायपर तिने उगाचच एकदा उलगडला, पुन्हा मिटला. इतक्या दिवसांत तिच्याशी कुणी असं वेडगळ, असं सुंदर वागलं नव्हतं… ती काही बोलणार, तोच तिच्या मनात एक प्रश्न आला. नसता आला तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीदा वाटलं.

"आणि वरचे? पाकीट अर्धं दिसावं म्हणून काढलेले? ते कुठे ठेवलेत?"

"ते होय!" तो मोकळा होऊन हसला. "वाया नाही घालवले हं. लिफ्टच्या खड्ड्यात तेल सांडतं ना, ते काय झकास शोषून घेतात! आमचा साहेब तर म्हणाला, हे डोकं कुणाचं?"

तिचं हसू गेलं.

"तेल पुसलंत?"

"…हो."

"नव्या डायपरांनी?"

ती सावकाश बोलायला लागली. आवाज चढला नव्हता, पण बाहेर काकूंची हालचालही थांबली.

"पाळणाघरात मूल ठेवायचं तर दिवसभराचे डायपर घरून द्यावे लागतात. नसतील तर मूल परत पाठवतात. मूल परत आलं की आई कामावर जाऊ शकत नाही. कामावर गेली नाही की पगार कापला जातो, मग डायपर आणखी लांब राहतात. मला कुणी सांगायला नको हे. मी चिमणीचा वापरलेला डायपर खिडकीत वाळवून पुन्हा बांधलाय. तिची कातडी सोलवटून निघाली होती. रडून रडून तिचा आवाज बसला, तेव्हा मी या दारात आले. तुमच्यासारखीच, आत येऊ का नको करत. काकूंनी काही विचारलं नाही. हातात एक गठ्ठा दिला. तो कुणाच्या तरी उघड्या पाकिटातलाच होता."

"मला… मला माहीत नव्हतं."

"ते कळतंय मला. तुम्ही वाईट नाही आहात." तिने हातातला डायपर टेबलावर ठेवला. "पण खोटं खरं वाटावं म्हणून तुम्ही पाकिटं फोडलीत. गोड खोटं होतं, मान्य. मला गोड खोट्याचीच भीती वाटते हो. कडू खोटं निदान लगेच थुंकता येतं."

तो उठला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण जे जे ओठांवर आलं ते ते गोडच असावं. त्याने ते गिळलं.

"येऊ नका आता," ती म्हणाली. "निदान माझ्यासाठी म्हणून तरी नको."

बूट आरशातून बाहेर गेले.

त्यानंतर दर आठवड्याच्या वाटपाच्या आदल्या दिवशी, नेमाने, काउंटरवर बंद पाकिटं यायला लागली. मोठी मापं. सील न तोडलेली. ती आत बसून आरशात पाहायची. बूट काउंटरपाशी यायचे, पाकीट ठेवल्याचा आवाज व्हायचा, काकू काहीतरी पुटपुटायच्या, आणि बूट वळून निघून जायचे. आतल्या दिशेला एकदाही त्यांचं टोक वळलं नाही. लिफ्टच्या गोष्टी नाहीत, "ऐकलंत का" नाही.

पहिल्यांदा तिला वाटलं, बरं झालं. मग वाटलं, थांबेल की एक दिवस. माणसाचा उत्साह किती टिकतो! तो बंद होण्याची ती वाट पाहू लागली. म्हणजे मग मनाला सांगता आलं असतं, बघ, हाही तसलाच. पण पाकिटं येत राहिली. हिवाळा सरत आला तरी येत राहिली. रिकाम्या फळीवर आता चालणाऱ्या मुलांची मापं उभी राहिली होती. एक आई ते पाकीट छातीशी धरून म्हणाली, "बंद आहे हो ताई! अगदी नवं!" ताईने "हो" म्हटलं आणि पाकिटावरून एकदा हात फिरवला.

"काकू, तो काही विचारतो का हो?" शेवटी तिने न राहवून विचारलं.

"नाही बाई."

"काहीच नाही?"

"नाही. मीच विचारलं एकदा, आत निरोप देऊ का? तर म्हणाला, नको, त्यांनी येऊ नका म्हटलंय." काकूंनी चष्मा पुसला. "सरळ आहे गं पोर. माझ्याशी लाडीगोडी करू शकला असता. चहा पाजून आत घुसता आलं असतं. मी अर्धी फितूर होतेच."

"मला भीती वाटते काकू."

"वाटू दे की. पण मी इतकी बाळंतपणं केली, घाबरली नाही अशी एक बाई पाहिली नाही. म्हणून काय बाळं यायची राहिली?"

पुढच्या खेपेला आरशात बूट दिसले आणि तिच्या हातातला गठ्ठा सुटला. डायपर टेबलावर पांगले. ते तसेच टाकून ती उठली आणि बाहेर आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याला भेटायला आली होती, तो तिला नव्हे.

तो पाकीट ठेवून वळतच होता. तिला पाहून जागच्या जागी खिळला. काकूंना अचानक मागच्या फळीवरची धूळ दिसली आणि त्या फडकं शोधायला गेल्या.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आणि उत्तर गोड नको."

"विचारा."

"अजून का आणता?"

त्याने विचार केला. लगेच बोलला नाही, हे तिने पाहिलं.

"सुरुवातीला लाज वाटली म्हणून आणत होतो," तो म्हणाला. "वाटलं, खड्ड्यात घातले तेवढे भरून काढू. ते तर कधीच भरून झाले. मग… सवय झाली. आता आमच्या इमारतींतून फिरताना कुणाच्या घरून बाळाचं रडणं आलं की माप डोक्यात येतं." तो थांबला. "आणि खरं सांगायचं तर, आठवड्यातून एकदा तुम्ही आत आहात एवढं कळायचं. ते पुरायचं. म्हणजे पुरायचं नाही. पण तेवढंच होतं."

"हे जरा गोड झालं."

"शेवटचं तेवढं झालं," त्याने कबूल केलं. "मग कडू पण सांगतो. मला लहान मुलांची भीती वाटते. भाच्याला मी कधी मांडीवरसुद्धा घेतलं नाही, पाडीन असं वाटायचं. तुमच्या मुलीशी कसं बोलायचं हे मला माहीत नाही. तिला मी आवडेनच असं नाही. मला जमेलच असंही छातीठोक सांगता येत नाही. पण जे जमणार नाही, ते जमत नाही म्हणून तुमच्या तोंडावर सांगेन. लपवणार नाही. एवढंच नक्की सांगता येतंय."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. किती विचित्र… कुणी तिला सुखाची वचनं दिली असती तर ती पाठ फिरवून आत गेली असती. आणि हा माणूस आपल्या उणिवा पुढ्यात मांडत होता, अन् तिच्या छातीतली एक जुनी गाठ सैल होत होती.

"चिमणीला पाळणाघरातून आणायची वेळ झालीय," ती म्हणाली. "चालत जाते मी." आणि मग, फार हळू, "येता?"

पाळणाघराच्या फाटकाशी चिमणी धावत आली, त्याला पाहिलं, आणि सरळ आईच्या ओढणीत गडप झाली. त्याने हात पुढे केला नाही. गालगुच्चा घेतला नाही, खिशातून खाऊ काढला नाही. खाली उकिडवा बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "नमस्कार. मी लिफ्ट दुरुस्त करतो."

ओढणीतून एक डोळा बाहेर आला. बराच वेळ त्याला निरखलं.

"जा," चिमणी म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. उठला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. तिथून मात्र गेला नाही.

रस्त्याने तिघं निघाली. मायलेकी पुढे, तो जरा मागे. चिमणी दर चार पावलांनी थांबून वळून पाहायची. तो थांबला की पुढे चालायची. पुढे रस्ता खणून ठेवला होता. चिमणी तिथे अडली. आईने उचलायला हात पुढे केले तर "नको" म्हणाली. मागे पाहून "नको" म्हणाली. मग स्वतःची स्वतः, बुडावर बसून, घसरत खाली उतरली आणि पलीकडे चढून चिखलाने भरलेले हात झटकत उभी राहिली. दोघांपैकी कुणीही तिला शाबासकी दिली नाही, कारण दोघंही श्वास रोखून उभी होती.

"फार वेळ लागतो हिला," ती हळूच म्हणाली. "कुणाला जवळ करायला."

"लागू दे. मला काही घाई नाही."

"मला आहे," तिच्या तोंडून निसटलं.

तो थबकला. ती पुढे बघत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, तरीही तिने ते वाक्य परत घेतलं नाही.